उजळ आवाज

"अजून बोथटच वाजतंय," असं म्हणत मी लिडियाच्या गिटारचं मागचं झाकण चौथ्यांदा उघडलं.

तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची कॉइल नव्यानं गुंडाळून झाली होती, वायरी बदलल्या होत्या, तरी ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, काही उजळेना. हल्लीच्या मालात दमच नाही, असं चरफडत मी आवाज मऊ करणारा कपॅसिटर उपटूनच काढला. "हं, वाजव आता."

तिनं तार छेडली आणि लगेच दोन्ही हात कानांवर ठेवले. "अंकल, पहिल्याच वेळी छान झाली होती. आता कानात सुया टोचतायत." मग खाली बघत म्हणाली, "आमच्या बँडमधल्या बाकीच्या गिटारीही तुमच्याकडून दुरुस्त होऊन अशाच आल्या. तुम्हाला सांगायला सगळे कचरतात."

मी कपॅसिटर परत जोडला. "हाच तो आवाज!" ती खुलली. मला तो गोधडीआडून आल्यासारखा वाटला, तरी मी मान डोलावली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. शिट्टी होत नाही म्हणून जुना कुकर मी गेल्याच महिन्यात भंगारात दिला होता.

"नव्या कुकरची शिट्टी तुला ऐकू येते?" मी बायकोला विचारलं.

"जुन्याचीही येत होती," ती म्हणाली.