पोचे

१९७१ साली नणंदेने पळून जाऊन लग्न केलं आणि दीर पहार घेऊन तिला संपवायला निघाले. स्कूटर सुरूच होईना. शेवटी चवताळून त्यांनी त्याच पहारीने स्कूटर ठेचली. मी अडवायला गेले, तर माझं मनगट मोडलं.

स्कूटर कित्येक वर्षं परसात गंजत पडली. मग नणंद पहिल्यांदाच माहेरी येणार, तिला स्टेशनवरून आणायचं म्हणून दिरांनीच मेकॅनिक बोलावला.

"साहेब, हिच्यात प्लगच नाही!"

सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातून प्लग काढून दिला. "त्या दिवशी मीच काढला होता, मेल्या. ती जिवानिशी गेली असती आणि तू फासावर."

सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या. नणंद आता आजी झाली आहे. माझं मनगट थंडीत अजून ठणकतं. दिरांनी शेवटपर्यंत तीच स्कूटर चालवली, पण तिचे पोचे कुणाला काढू दिले नाहीत.