राजा टिकला कसा?

"पण बाई, राजा मेला तर गादी लेकाला जाती. भांडण कामून?" आठवीतल्या अंबिकानं विचारलं.

"लेकच नव्हता ना त्याला." इंग्लंडचा राजा निपुत्रिक वारला, गादीवर दोघातिघांनी हक्क सांगितला आणि समुद्रापलीकडचा विल्यम फौज घेऊन आला, हे ज्योत्स्नानं दोनदा सांगून झालं होतं. पोरं मख्ख. आळंदहून बदली होऊन या गावात आलेल्या बाईला अजून महिनाही झाला नव्हता. पोरांना ओळखीचं उदाहरण द्यावं, एवढंच तिला सुचलं.

"हे बघा. कारहुणवीला, बैलांच्या सणाला, वेशीतलं तोरण तोडून पहिली बैलजोडी कुणाची जायची, यावर समजा दोन भाऊबंद भांडतायत. तेवढ्यात बाहेरचाच एक जण येतो आणि आपली जोडी पुढं काढतो. मग मान कुणाचा झाला?"

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं उठून खिडकी लावून घेतली.

ज्योत्स्नाच्या मनात पाल चुकचुकली, पण रंगात आलेल्या मास्तरणीला थांबवणार कोण? "गादी मिळवली लढाई करून. पण राखली कशी? जागोजागी किल्ले बांधले, तेही हरलेल्यांनाच राबवून. जमिनी काढून आपल्या माणसांना दिल्या. उत्तरेकडचे लोक उठले, तर त्यांचं धान्य, गुरं, अवजारं, सगळं जाळून टाकलं."

"आमच्या अप्पांची गंजी जाळली, तसं?" अंबिका म्हणाली.

आता कुठं बाईच्या डोक्यात उजेड पडला. रोज बसमधून उतरताना दिसणारी ती कडब्याची काळी राख श्रीमंत नावाच्या पाटलांची होती आणि अंबिका त्यांची लेक. पाटलांच्या दोन घरांत तोरणाच्या मानावरून बिनसलं, त्यात बाहेरून आलेल्या हावगेप्पाची जोडी पुढं गेली. आता पंचायत त्याची आणि शाळेची कमिटीही त्याचीच. हे सगळं तिनं बसथांब्यावर अर्धवट ऐकलं होतं आणि विसरूनही गेली होती. ग्रामसभेत हावगेप्पाच्या विरोधात बोलले ते एकटे श्रीमंत. त्यानंतर गंजी पेटली.

"ते राहू दे अंबिका. खाली बस."

तेवढ्यात दारात चपला काढून हावगेप्पा आत आला. शाळेत तो कधी चपला घालून येत नसे. पोरं उभी राहिली. बाहेर तो किती वेळ थांबला होता, काय काय ऐकलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता.

"बसा, बसा. राजाची गोष्ट सांगायलाव व्हय बाई? चालू द्या की." तो मागच्या बाकावर टेकला.

ज्योत्स्ना पुस्तकाची पानं उगाच उलटत राहिली.

"बरं, मीच इचारतो," तो हसून म्हणाला. "पोरांनो, लोक इरोधात हुते, तरी ह्यो राजा गादीवर टिकला कसा? कोन सांगतंय? हात वर करा."

मग अंबिकाचा हात उठायला लागला. तो हात जराही कापत नव्हता आणि ज्योत्स्नाला भीती वाटली ती त्याचीच. श्रीमंतांची आणखी एक गंजी शिल्लक होती. तिला लागून गोठा होता, गोठ्याला लागून घर.

ती घाईनं बाकाशी गेली. पोरीचा हात धरून तिनं तो बाकावर दाबून ठेवला.

हावगेप्पानं ते पाहिलं. तो सावकाश उठला.

"बाई झकास शिकवायल्यात, पोरांनो. ध्यान देऊन ऐकत जा," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

"बाई, मला उत्तर येत हुतं," अंबिका हळू आवाजात म्हणाली.

"मलाही येत होतं," ज्योत्स्ना म्हणाली. हावगेप्पा फाटकाबाहेर गेलेला दिसत होता, तरी पोरीच्या हातावरचा हात तिला उचलवेना.