सातच नळ्या

द्वारका चौकाखालून गेलेल्या मोठ्या पाइपात केबलच्या किती लहान नळ्या बसतील, याचे गणित नवख्या इंजिनिअर सार्थकने कागदावर मांडले. मोठ्या तोंडाच्या क्षेत्रफळाला लहान तोंडाच्या क्षेत्रफळाने भागले. उत्तर आले नऊ.

“सातच बसतील, साहेब,” खोदकामाच्या टोळीतली चतुराबाई म्हणाली. दर हिवाळ्यात सुरगाण्याहून निफाडकडे उतरून तिने जन्मभर उसाच्या मोळ्या बांधल्या होत्या. “मधी एक, भोवती सहा. उरल्या सांदीत काय शिरत नाय.”

“मावशी, ही मोळी नाही, गणित आहे.”

सगळे हसले, पदर तोंडाला लावून तीही हसली.

दुपारी आठवी नळी अर्ध्यावर अडकली. सार्थकच्याच सांगण्यावरून टोळीने जोर लावला, आणि आतल्या सातही नळ्या चेपल्या.

“कुणाचा पराक्रम हा?” कामावर देखरेख करणारे शेखर सर कडाडले.

गणिताचा कागद सार्थकच्या खिशातच होता. खरे उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आले आणि माघारी वळले.

“सर, टोळीने... नीट ओढल्या नाहीत.”

“मग उद्यापासून ही टोळी नको.”

संध्याकाळी टोळीतल्या बायका गावाकडच्या जीपमध्ये चढू लागल्या. मान खाली घालून उभ्या असलेल्या सार्थकपाशी चतुराबाई थांबली.

 

“नव्या टोळीला सातच सांगा, साहेब. त्यांचं बी काम जायला नको.”