एक दगड उरला

शेवटचा दगड पडद्यावर अधांतरी लोंबत होता आणि फुएन्सिस्ला बटण दाबत नव्हती.

"दाब ना गं!" मागच्या बाकावरून शेजारीण प्रिमितिवा ओरडली. "जन्मभर माझ्या दारावरची घंटा दाबून झोपमोड केलीस, आजच बोटाला मुंग्या आल्या?"

सभागृहात हशा पिकला. फुएन्सिस्लाच्या लेकीचे, एनारचे, कान तापले. माद्रिदहून तिच्या कंपनीचे साहेब आले होते. आपल्या सेगोव्हिया गावातला रोमन जलसेतू तिने या व्हिडिओ गेममध्ये दगड न् दगड उभा केला होता. कमानी, माथ्यावरून वाहणारं पाणी, दगडांना दंतकथेतल्या सैतानाच्या बोटांनी पडलेली भोकंसुद्धा. गावात पहिला डाव आईने खेळायचा, हा हट्ट तिचाच. आई चुकू नये म्हणून तिने सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. एकच दगड बसवायचा, एकच बटण दाबायचं. आई जिंकेल, साहेब टाळ्या वाजवतील, आणि 'पोरगी खेळण्यांपायी घर सोडून गेली' म्हणणारं गाव गप्प बसेल.

पडद्यावर सैतान रातोरात जलसेतू पुरा करायची घाई करत होता. खाली घागर घेऊन एक मुलगी थरथरत उभी होती. पाणी वाहून वाहून दमलेली पोर. कोंबडा आरवायच्या आत पाणी दारात आणलंस तर माझा आत्मा तुझा, असं सैतानाला बोलून बसलेली. ही गोष्ट सेगोव्हियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेममध्ये मात्र खेळणारा सैतानाचा मजूर होता. दगड बसला की जिंकला. कंपनीत तसं ठरलं, तेव्हा एनारनेही मान डोलावली होती.

"आई, लाल बटण," ती कानाशी वाकून म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग दाब की. लोक बघताहेत."

फुएन्सिस्लाने हातातलं यंत्र मांडीवर ठेवलं आणि हात जोडले. जलसेतूच्या कोनाड्यातल्या मारियामाउलीपुढे ती रोज जोडते, तसेच.

कोंबडा आरवला. पडदा काळा झाला. वर मोठी अक्षरं उमटली, 'तुम्ही हरलात.'

एनारला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "वय झालंय हो तिचं," ती साहेबांकडे बघून ओशाळं हसली. "जमत नाही तिला."

फुएन्सिस्लाने छातीवर बोटांनी क्रुसाची खूण केली.

"सुटली बिचारी!"

पुढच्या रांगेतल्या साऱ्या बायकांचे हात छातीकडे गेले. प्रिमितिवाचासुद्धा. आता कुणी हसत नव्हतं. याच आईच्या कुशीत ही गोष्ट ऐकताना, तो एक दगड उरला की छोटी एनार टाळ्या पिटायची. आणि 'हरलात' हा शब्द गेममध्ये तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. ती आईच्या नजरेला नजर देईना.

"आता ती पोर दाखव," आई म्हणाली.

"कुठली?"

"अगं, वाचलेली. पाद्रीबाबांपुढे सगळं कबूल करते, रडते, मग गाव तिला पोटाशी धरतं. ते दाखव."

एनारने काळ्या पडद्याकडे हात केला.

"ते बनवलंच नाही, आई. हरल्यावर पुढे काही नाही."

आई रागावली नाही. तिने लेकीच्या हातावर हात ठेवला.

"एवढे दगड रचलेस, बाळा," ती हळूच म्हणाली, "आणि तिला घरी परतायला वाट ठेवली नाहीस?"