न ऐकलेली हाक

"योलांद, दार उघड. मी आहे."

तेहेतीस वर्षांपूर्वीची ती हाक. नोव्हेंबरची सकाळ. दाराबाहेर आईला हाक मारणारा बाप, दाराच्या आत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सहा वर्षांची ओदील. कडी तिच्या हाताला पुरत नव्हती. हाक दुसऱ्यांदा आली तशी ती मागच्या खोलीत धावली. आईने शिवणाचं मशीन थांबवलं, येऊन दार उघडलं. विटांची गल्ली रिकामी होती. तो पुन्हा कधी आला नाही.

"मशीन चालू होतं गं," आई म्हणाली होती. "मला काही ऐकू आलं नाही."

त्या हाकेवर ओदीलने सिनेमा केला. आज बुधवार, सिनेमे लागायचा दिवस, परीक्षणं छापून यायचा दिवस. उत्तर फ्रान्समधल्या रुबे गावातल्या त्याच घराच्या स्वयंपाकघरात तिघी बसल्या होत्या. टेबलावर चिकोरीच्या कॉफीचे वाडगे, पाव, मारवालचं उग्र वासाचं चीज आणि तीन वर्तमानपत्रं. वाचायचं काम रेमोंद मावशीकडे होतं. आईचा चष्मा सापडत नव्हता.

"तीन तारे!" मावशीने चिजाचा तुकडा कॉफीत बुडवला. "आमच्या पेन्शनरांच्या सहलीच्या हॉटेललासुद्धा चार होते."

"मावशी, पुढे वाच."

"'जीव हळवा करणारा सिनेमा. खोटी जागा एकच. शेजारच्या खोलीत एवढ्याशा मशीनच्या आवाजात नवऱ्याची हाक ऐकू येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?'"

ओदीलने दुसरं वर्तमानपत्र ओढलं. त्या समीक्षकाला सिनेमा मुळीच आवडला नव्हता. पावणेदोन तास नुसते पडदे आणि सूप, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, ही आई बहिरी आहे का?

तिसरं होतं एक साप्ताहिक. त्यात कौतुकच कौतुक, आणि मधे एक ओळ : 'सगळं थिएटर ती हाक ऐकतं, फक्त ती एकटी ऐकत नाही.'

"हे तिघं ठरवून लिहितायत," ओदील म्हणाली. "यांचं जन्मात कशावर एकमत होत नाही. काल एकत्र जेवले असणार."

"फुकटचं असेल तर तिघं काय, तीस जमतील," मावशी म्हणाली. "पण तू तरी मशीनचा आवाज वाढवायचास की! सिनेमात गाढवालाही बोलतं करतात."

"नाही वाढवला. मुद्दामच. हेच घर, हेच दार, आईचंच मशीन. माईक तिसऱ्या पायरीवर ठेवला होता. जे आलं, ते ठेवलं."

बोलता बोलता ती थांबली. आवाज घेणारा बास्तियाँ तेव्हाच म्हणाला होता, मॅडम, हाक मशीनच्या वर येते आहे. ती म्हणाली होती, येऊ दे, आईला ऐकू आलं नव्हतं. तिला मशीनबद्दलचं आईचं बोलणंही आठवलं. 'हे जुनं धूड कशाला घेतेस? भाड्याने चांगलं मिळेल.' आणि सोमवारचा खास खेळ पाहून आई एवढंच म्हणाली होती, 'पडदे छान शिवले होते.'

आई बोटाच्या टोकाने टेबलावरचे पावाचे कण टिपत होती. एकेक कण, जणू त्यांना मोल होतं. चष्मा तिच्या एप्रनच्या खिशात होता. दांडी बाहेर डोकावत होती.

"आई, चष्मा खिशात आहे तुझ्या."

"असू दे."

"वाचायचं नाही तुला?"

"त्यांना काय कळतंय," आई म्हणाली. "पॅरिसचे लोक. आमच्या मशीनचा आवाज त्यांना काय माहीत?"

ओदील उठली. "मावशी, मागे जा आणि मशीन चालव. जोरात."

"मी? माझे गुडघे बघितलेस का?"

"चालव गं."

मावशी कुरकुरत गेली. मागच्या खोलीत मशीन घरघरू लागलं. ओदील बाहेर आली, दार ओढून घेतलं, कडीचा आवाज ऐकला. गल्लीत समोरची बाई उंबरा धूत होती. तिच्या देखत ओदील आपल्याच दारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ओरडून नाही, घरी आलेलं माणूस म्हणतं तितक्याच आवाजात,

"योलांद, दार उघड. मी आहे."

मशीन थांबलं. "ऐकलं गं बाई, ऐकलं!" मावशी मागून ओरडली. "मी काय बहिरी आहे?"

ओदील तशीच उभी राहिली. समोरच्या बाईचा झाडू थांबला होता. मग कडी निघाली. दार हळूहळू उघडलं. उंबऱ्यात आई उभी होती. तिने चष्मा लावला होता, पण ती ओदीलकडे पाहत नव्हती. ओदीलच्या मागे, गल्लीच्या टोकाकडे पाहत होती.

"मशीन बंद होतं, ओदील," ती म्हणाली. "त्याची हाक ऐकली, आणि मग मी ते सुरू केलं. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं."