तासाला चार सेंटिमीटर

नदीचं पाणी चढतच होतं. बांधाच्या मोजपट्टीवरचा आकडा पाहून वीत्स्केनं आलेखावर आणखी एक ठिपका दिला. सगळे ठिपके एकाच सरळ रेषेत.

"सकाळची पातळी, अधिक चार गुणिले तास," ती नगराध्यक्ष खेर्लोफना म्हणाली. "तासाला चार सेंटिमीटर. दिवस मावळायच्या आत पाणी बांधावरून उतू जाणार. गाव आत्ताच रिकामं करा."

"अगं बाई, नदी काय तुझं समीकरण पाठ करून आलीय? फुकट पळवलं म्हणून लोक मला फाडून खातील!"

"बुडाले, तर फाडायला उरेल कोण?"

खेर्लोफनी इशारा केला. भोंगा वाजला. बसगाड्या भरभरून माणसं पुलावरून पलीकडच्या फेल्डहेमला निघाली. तिकडचा बांध नवा, चांगला हातभर उंच. वीत्स्केचे बाबा तेवढे दारात अडून बसले.

"मी नाही हलायचा. तुझ्या आजोबांनी अंगणात पाणी पाहिलंय, ते काय पळाले?"

"बाबा, चला. नाहीतर उचलून टाकीन गाडीत."

"अगदी आईवर गेलीस," असं पुटपुटत म्हातारा बसमध्ये चढला.

बांधावर उरली वीत्स्के, खेर्लोफ आणि वाळूची पोती रचणारी माणसं. ठिपके रेषेवरूनच चालले होते. पाणी पोत्यांना लागलं.

मग एक ठिपका रेषेच्या खाली पडला.

वीत्स्केनं पट्टी पुन्हा वाचली. पाणी चढत नव्हतं. बघता बघता वीतभर उतरलंसुद्धा. माणसांनी फावडी टाकून एकमेकांना मिठ्या मारल्या.

"काय गं, तोंडावर पडलं ना तुझं गणित?" खेर्लोफनी डोळे पुसत विचारलं.

"पडू दे! जन्मात इतकं छान चुकले नव्हते मी." हसत हसतच तिनं फोन लावला. "बाबा, आपलं गाव वाचलं! पाणी एकाएकी उतरलं बघा. रात्रीचं सूप घरीच घ्यायचं."

पलीकडून आधी नुसताच आरडाओरडा ऐकू आला. मग बाबांचा धापा टाकणारा आवाज.

"पोरी, इकडचा बांध फुटला गं. तुमचं सगळं पाणी इथं आलंय."