घंटेची पाळी

फिर्मांने दोर सोडला आणि तो बाकावर बसला. घंटा आपणहून एकदोनदा वाजली आणि थांबली. बाहेर हिमवादळ घोंगावत होतं. भरदुपारी चर्चच्या दारातून समोरची भिंत दिसत नव्हती.

वादळ शमेपर्यंत घंटा थांबवायची नाही, हा वाल्कोर्ब गावाचा नियम. राजे गेले, सम्राट गेले, नियम राहिला. डोंगरात अडकलेल्या वाटसरूने आवाजाच्या रोखाने चालायचं आणि गाव गाठायचं. पूर्वी एकदा वाजवणाऱ्याचा डोळा लागला होता. त्या वादळातला पोस्टमन सापडला तो बर्फ वितळल्यावर, चर्चच्याच कुंपणापाशी. तेव्हापासून गावात म्हणत, वाजवणारा मेला तरच घंटा थांबते.

पूर्वी घरटी पाळी असे. आता घरंच दोन उरली होती, त्याचं आणि झेलीचं. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं, त्याला जमाना झाला. बोलणं बंद होतं, पण पाळी दोघांनीही कधी चुकवली नव्हती.

आणि वाजवायचं तरी कोणासाठी? खालून मोटाररस्ता झाल्यापासून या डोंगरावर पायी कोणी येत नव्हतं. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, भुतांना वाट दाखवता का, या की खाली राहायला. तिचं काय चुकत होतं? त्याचे खांदे भरून आले होते. मनानेही थकला होता तो. रस्ता मोकळा झाला की तिला गाडी घेऊन बोलवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. मग पाइप पेटवला. घंटेविना वादळ ऐकायला बरं वाटलं त्याला.

दारावर काहीतरी आदळलं.

झेली होती. भुवयांवर बर्फ, बोटं सोललेली. वाटेकडेच्या भिंतीला हात लावत निघाली होती. अर्ध्यावर भिंतच बर्फात बुडाली, पुढे नशिबानेच इथवर पोचली. काखेत पांढरी चादर होती, हातात तीर्थाची बाटली. प्रेताला एकटं ठेवायचं नाही, हाही गावाचाच नियम.

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पाइपकडे पाहिलं.

"म्हणजे नवी चादर उगाच काढली," ती म्हणाली.

किती वर्षांनी तिचा आवाज त्याने जवळून ऐकला होता. त्याला लाज वाटली.

"दमलो गं, झेली," तो म्हणाला. "कोण येणार आहे या वाटेने?"

ती धापा टाकत दारातच उभी होती. तिची शेळी व्यायला टेकली होती. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि उंबऱ्याबाहेर तिची आत्ताची पावलंसुद्धा बर्फाने पुसून टाकली होती.

"मेला नाहीस ना? मग ऊठ, वाजव. आवाज पाठीशी ठेवून मला घरी जायचंय."